ऐकणाऱ्यांना विचारलेला जाब

कुरआनच्या सूरह नूरमध्ये एका बदनामीची झडती आहे. अफवा उठवणाऱ्यांना कठोर शिक्षेची ताकीद देऊन आयत लगेच ऐकणाऱ्यांकडे वळते. हे कानावर आले तेव्हाच तुम्ही आपल्या माणसांबद्दल चांगले का समजला नाहीत, उघड खोटे आहे असे का म्हणाला नाहीत, असा जाब त्यांना विचारला आहे.

प्रसंग बनू मुस्तलिक टोळीवरच्या मोहिमेवरून परततानाचा. पैगंबरपत्नी हजरत आयेशा यांचा हार तुटून पडला, तो शोधायला त्या मागे गेल्या. इकडे लोकांनी त्यांचा हौदा उंटावर चढवला. आयेशा अंगाने इतक्या हलक्या, की आत कोणी नाही हे उचलणाऱ्यांच्या ध्यानातच आले नाही. तांडा निघून गेला. त्या तिथेच बसून राहिल्या, बसल्या बसल्या डोळा लागला. तांड्यातलेच, पण मागून येणारे पैगंबरांचे साथी सफवान यांनी त्यांना ओळखले, आपल्या उंटावर बसवले आणि स्वतः पायी चालत भरदुपारी तांडा गाठला. लोकांनी पाहिले ते एवढेच. बाकीचे रचले गेले आणि मदिनेत पसरले. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, ही म्हण आपली. पण तिथेही कुणीतरी असेच काही बोलले असणार. जवळजवळ महिनाभर कुजबुज चालली. आयेशा आजारी होत्या, त्यांना तिचा पत्ताही नव्हता.

या साऱ्या प्रकरणात मला लोभ आहे तो एका घरातल्या बोलण्याचा. अबू अय्यूब अन्सारी म्हणजे पैगंबर मदिनेत आल्यावर ज्यांच्या घरी उतरले ते. लोक काय बोलताहेत ते ऐकलेत का, असे त्यांच्या पत्नीने विचारले. ऐकले, आणि ते खोटे आहे, असे म्हणून त्यांनीच तिला विचारले, की तू असे केले असतेस का? ती शपथेवर नाही म्हणाली. मग आयेशा तर तुझ्याहून थोर, एवढे बोलून त्यांनी विषय मिटवला. कोण कुठे मागे राहिले, किती वेळ लागला, याचा कीस काढला नाही. पुरावा त्यांच्याकडेही नव्हता. आपल्या घराला दिलेला भरवसा त्यांनी दुसऱ्याच्या घराला दिला, इतकेच. आपल्याकडे स्वतःच्या मुलीला उशीर झाला तर गाडी चुकलेली असते. शेजारच्या मुलीला झाला, की कुठेतरी पाणी मुरत असते.

हा भोळेपणा नव्हे. सूरह हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, असे बजावले आहे. त्याच सूरहमध्ये पुढे बदगुमानीपासून, म्हणजे वाईट संशयापासून, दूर राहायला सांगितले आहे, आणि तिथला क्रम पाहण्यासारखा आहे: आधी संशय, मग पाळत, मग पाठीमागची निंदा. संशय मनात गप्प बसत नाही, त्याला लगेच खिडकीशी जायचे असते.

पण सगळे ओझे पाहणाऱ्यावरच टाकावे का? रमजानमध्ये पैगंबर मशिदीत इतिकाफला, म्हणजे उपासनेसाठी तिथेच मुक्काम करून, बसले होते. पत्नी सफिया रात्री भेटायला आल्या, तेव्हा त्यांना पोचवायला ते उठले. वाटेत दोन अन्सारी, म्हणजे मदिनेतलेच दोन अनुयायी, दिसले आणि भरभर पावले टाकू लागले. पैगंबरांनी त्यांना थांबवून सांगितले, की या सफिया आहेत. दोघे चपापले, आपल्याबद्दल आम्ही भलते मनात आणू का? पैगंबर म्हणाले, सैतान माणसाच्या अंगात रक्तासारखा खेळतो, त्याने तुमच्या मनात काही भरवू नये, ही काळजी वाटली.

खुद्द पैगंबरांना खुलासा करण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या ओठांवर मात्र ‘मी कुणाला का सांगू?’ तयार असते, आणि लोकांनी भलते समजले की रुसायलाही आपणच पुढे.