सन्निधान आणि उपदेश

आधी उपदेश की आधी सन्निधान, हा प्रश्न साधकापुरताच नाही. ज्या बालकाच्या मनास कोठेच आधार नाही, त्यास वाट दाखवू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे तो उभा राहतो.

ठाण्यास तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली 'सिग्नल शाळा' सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था व ठाणे महानगरपालिका यांनी मिळून ती उभारली. वर्ग मालवाहू कंटेनरांत भरले. विद्यार्थी म्हणजे दुष्काळाने गाव सुटलेल्या, पुलाखाली राहून सिग्नलवर गजरे विकणाऱ्या कुटुंबांची मुले. ज्या मुलाच्या हाकेस मोटारीची बंद काच हेच उत्तर नित्य मिळाले, त्यास पहिल्याच दिवशी 'नीट वाग' म्हणणे म्हणजे आणखी एक काच वर करणे होय. वाचेनेही हिंसा घडते असे मानणाऱ्या पंथाने तरी असा घाईचा उपदेश निरुपद्रवी समजू नये.

केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथ रचण्याचे योजिले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले, ही स्मृतिस्थळातील हकीकत सर्वश्रुत आहे. म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, ही आचार्यांची चिंता होती. ऐकणाऱ्याची भाषा बोलणाऱ्याने उचलावी, हा न्याय बालकासही लागू पडतो. या शाळेतील अनेक मुले पारधी समाजाची; त्यांची घरची बोली पुस्तकी मराठीहून दूरची, गुजरातीशी जवळीक असलेली. मूल रुसून गप्प राहिले, तर ते मौनही त्याची बोलीच. ती कळण्यास शेजारी बसावे लागते. कल्याण-डोंबिवलीकडे आईबाप सकाळच्या लोकलने गेल्यावर बंद घरात एकट्या राहणाऱ्या मुलाचीही अशीच बोली असते. तेथे दारिद्र्य दिसत नसल्याने ती कोणाच्या कानी पडत नाही, एवढेच.

येथे विरक्तांची शंका रास्त आहे. स्वदेश, स्वग्राम आणि आप्त यांचाही संबंध त्याज्य ठरविणाऱ्या आचारात परक्याच्या लेकराचा लळा म्हणजे नवे बंधन नव्हे काय? लळा स्वतःच्या सुखासाठी असेल, तर बंधनच. मुलाने आपणांस मानावे ही इच्छा त्याचे लक्षण. परंतु लळ्याच्या भयाने चार रविवार येऊन पाचव्या रविवारी नाहीसा होणारा सोबती त्या मुलास गाव सुटल्याचे दुःख पुन्हा देतो. ही विरक्ती नव्हे. अटन करणाऱ्या भिक्षूने हे काम अंगावर घेऊ नये. ते एके ठिकाणी राहणाऱ्या वासनिकांचे आहे, आणि त्यांतही ज्यास वर्षभर ठरल्या दिवशी जाणे जमणार नाही, त्याने आरंभ न केलेलाच बरा.

२०१८ साली सिग्नल शाळेतील पहिले दोन विद्यार्थी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाले. शाळा निघाल्यापासूनची दोन वर्षे त्यांचे शिक्षक त्याच पुलाखाली येत होते.