तळात अडकलेले पाणी

भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 रोजी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 रोजी गोव्यालाच परतल्या. अवघ्या 56 फुटांच्या नौकेने केलेल्या या प्रवासाचे वृत्त आपण कौतुकाने वाचले. मात्र शिडाची कोणतीही नौका घ्या, तिच्यावरील एका नित्याच्या कामाची बातमी कधी होत नाही. ते काम म्हणजे तळात साठणारे पाणी काढणे.

नौका कितीही चांगली बांधलेली असो, तिच्यात थोडे पाणी शिरतेच. इंजिनाच्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे थेंब गळतात, पावसाचे पाणी डोलकाठीच्या आतून उतरते, झाकणांच्या फटींतून झिरपते. हे सारे पाणी पायाखालच्या फळ्यांखाली सर्वांत खोल जागी जमावे आणि तिथल्या पंपाने ते बाहेर फेकावे, अशी योजना असते. पण तळ सलग नसतो. नौकेला बळकटी देणाऱ्या आडव्या बरगड्यांमुळे त्याचे कप्पे पडतात. एका कप्प्यातले पाणी दुसऱ्यात जावे म्हणून प्रत्येक बरगडीच्या बुडाशी एक लहान भोक ठेवलेले असते. केस, भुसा, बाटलीवरून सुटलेला कागद, काहीही त्या भोकात अडकले की पाणी मागेच राहते. पंपापाशी कोरडे असते. मालक म्हणतो, पंप बंद आहे, म्हणजे सारे ठीक आहे! नौका नांगरावर असेपर्यंत काही कळतही नाही. शिडात वारा भरून नौका एका कुशीवर कलली, की तेच पाणी कपाटांमागून वर चढते आणि अंथरूण भिजवते.

संत ऑगस्टीन (354–430) हे उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या बंदराच्या गावचे बिशप. संत योहानच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत त्यांनी याच पाण्याचा दाखला दिला आहे. एक मोठी लाट जे करते, तेच तळात हळूहळू साठणारे पाणी करते. उपसले नाही तर दोन्हींचा शेवट एकच, जहाज बुडते. लहान पापांविषयी त्यांचा हा इशारा होता. आणि उपसायचे कसे? पश्चात्ताप, उपवास, दानधर्म आणि क्षमा यांनी, असे ते सांगतात.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. जे पाणी दिसतच नाही, त्याला मालक जबाबदार कसा? जो दोष आपल्याला ठाऊकच नाही, तो आपल्या माथी कसा? खऱ्या अज्ञानाला ख्रिस्तसभा दोष देत नाही. परंतु कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. 1791) असेही बजावतो, की सत्य काय, चांगले काय, हे जाणून घेण्याची तसदीच जो घेत नाही, त्याच्या अज्ञानाची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. फळी उचलून पाहणे मालकाच्या हातात होते. "मला दिसले नाही" आणि "मी पाहिले नाही" ही दोन वाक्ये सारखी नाहीत.

आपल्या पापनिवेदनाचेच पाहू. प्रायश्चित्तकाळात आपण रांगेत उभे राहतो आणि दरवर्षी तीच यादी सांगतो: प्रार्थना चुकली, राग आला, खोटे बोललो. ही यादी खरीच असते; ते पंपापर्यंत वाहत आलेले पाणी असते. पण वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीत बहिणीची सही घाईघाईने घेतली, ती गोष्ट त्या यादीत कधी येते का? त्या सहीला वीस वर्षे झाली. कागद कायद्याने बरोबर आहे. बहीण सणाला येते, जेवते, जाते. कोणी काही बोलत नाही. मग एके दिवशी आई आजारी पडते, इस्पितळाच्या खर्चाचा विषय निघतो, आणि वीस वर्षांचे पाणी एका संध्याकाळी घरभर होते. आपण चकित होतो, एवढे आले कुठून? ते तर तिथेच होते. भोकात एक छोटेसे वाक्य अडकले होते: "तिने आपणहून सही केली."

तळात पाणी सापडले की जाणकार बोट बुडवून ते चाखतात. खारे लागले तर समुद्र आत येतो आहे. गोडे लागले तर पाऊस, नाहीतर आपलीच पिण्याची टाकी गळते आहे. लाकडी नौकेला गोडे पाणी अधिक वाईट. खाऱ्यापेक्षा त्याने लाकूड लवकर कुजते. आपणही बाहेरच्या जगाला आणि बदलत्या काळाला दोष देण्याआधी चाखून पाहावे. पुष्कळदा पाणी घरचेच निघते.

जुन्या लाकडी नौकांत या भोकांमधून एक बारीक साखळी ओवून ठेवीत. अधूनमधून ती पुढे-मागे ओढली की सारी भोके मोकळी होत. रोज झोपण्यापूर्वी केलेले विवेकपरीक्षण ही आपली साखळी आहे. आज आपण कोणाचे नाव घ्यायचे टाळले? कोणता विषय निघताच उठून गेलो? एवढे दोन प्रश्नही पुरेत. आणि शेवटचे पाणी पंपाने निघत नाही. गुडघे टेकून, हात घालून ते स्पंजाने टिपावे लागते. पापक्षमा प्रभू देतो, पण बहिणीच्या दारी आपल्यालाच जावे लागते. जे घेतले ते परत करण्याचे काम फादर आपल्या वतीने करू शकत नाहीत.

शिष्यांची होडी पाण्याने भरू लागली, तेव्हा प्रभू येशू त्याच होडीत होता (मार्क 4). पाणी शिरलेल्या होडीतून तो उतरून गेला नाही. मग फळी उचलायला आपण का भ्यावे? या आठवड्यात प्रत्येकाने निदान एक फळी उचलू या, आणि प्रार्थना करू या: हे प्रभो, जे आम्ही स्वतःपासूनही लपवून ठेवले आहे ते पाहण्याचे धैर्य आम्हांला दे, आणि ते उपसताना आमच्याबरोबर राहा. आमेन.