दोनच्या घातांसोबत थोडा वेळ

कागद-पेन्सिल घ्या आणि दोनचे घात एका ओळीत लिहा : १, २, ४, ८, १६, ३२. सावकाश. आता शेजारशेजारच्या संख्यांमधला फरक खाली मांडा : १, २, ४, ८, १६. वरचीच ओळ खाली उतरली.

वर्गसंख्यांचं असं होत नाही. १, ४, ९, १६ यांचे फरक ३, ५, ७. ओळीचा स्वभावच बदलतो. तीनचे घात पाहा : १, ३, ९, २७, ८१. फरक २, ६, १८, ५४. पुन्हा मूळचीच ओळ, फक्त दुप्पट. यावर नजर जरा रेंगाळू द्या. घातांकी फल किती वेगाने वाढतं, हे ते त्या क्षणी केवढं आहे यावरच ठरतं. विकलनात हेच हाती येतं, मात्र तिथे पावलं फार बारीक टाकावी लागतात.

तर पाऊल लहान करू. घातांक क्ष आहे. तिथून प एवढं पुढे सरका. दोनचा (क्ष + प)-वा घात म्हणजे दोनचा क्ष-वा घात गुणिले दोनचा प-वा घात. शाळेतला घातांकांचा नियम, दुसरं काही नाही. त्यातून दोनचा क्ष-वा घात वजा करा आणि तोच सामाईक म्हणून बाहेर काढा. कंसात उरतं : दोनचा प-वा घात वजा १. त्याला प-ने भागा.

इथे थांबा. बाहेर आलेल्या भागात प नाही. कंसात राहिलेल्या भागात क्ष नाही. दोघं पूर्ण सुटे झाले. क्ष शून्य असो की शंभर, सीमा काढायची ती कंसातल्या एकाच राशीची, आणि ती एकदा काढली की सगळीकडे चालते. या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी पायरी हीच. सूत्र पाठ करण्याच्या घाईत नेमकी तीच निसटते. मग कुणी घातांक खाली ओढून ‘क्ष गुणिले दोनचा (क्ष वजा १)-वा घात’ असं लिहून मोकळं होतं. तो नियम घातांक स्थिर असून पाया बदलतो तेव्हाचा. इथे पाया स्थिर आहे, बदलतो तो घातांक.

आता ती सीमा. प ०.१ घेतला तर ०.७१७७ येतात, ०.०१ ला ०.६९५६, ०.००१ ला ०.६९३४. संख्या ०.६९३१ जवळ स्थिरावते. तीनसाठी हेच केलं तर १.०९८६. एक संख्या एकाहून लहान, दुसरी मोठी. म्हणजे दोन आणि तीन यांच्यामध्ये कुठेतरी असा पाया असणार, ज्याची ही सीमा नेमकी १ येते. त्या पायाचं घातांकी फल विकलन केल्यावर जसंच्या तसं राहील.

तो पाया २.७१८२८... ऑयलरने १७३१ साली गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात त्याला ‘ई’ हे अक्षर दिलं. त्याआधी याकोब बर्नुली चक्रवाढ व्याजाचा विचार करताना याच संख्येपाशी आला होता. वर्षाला शंभर टक्के व्याज असेल तर एक रुपयाचे वर्षाअखेर दोन. सहामाही आकारणीने २.२५, दरमहा आकारली तर २.६१; रोज आकारली तर २.७१४६. व्याजातली आणि विकलनातली संख्या एकच का? पाहा : ‘ई’चा प-वा घात वजा १, भागिले प, हे जवळजवळ १ असेल, तर ‘ई’चा प-वा घात जवळजवळ १ + प. प म्हणजे वर्षाचा छोटासा तुकडा धरा. त्या तुकड्यात एका रुपयाचे झाले १ + प रुपये. हीच चक्रवाढीची एक आकारणी.

मग ०.६९३१ कोण? ‘ई’चा जेवढा घात घेतला की दोन मिळतात, तो घातांक; म्हणजे दोनचा नैसर्गिक लॉगरिदम. म्हणून दोनचा क्ष-वा घात हा ‘ई’चा ०.६९३१ क्ष एवढा घात असतो आणि साखळी नियमाने ०.६९३१ गुणक होऊन बाहेर येतो. पाया कोणताही धन असो, विकलज म्हणजे तेच फल गुणिले पायाचा नैसर्गिक लॉगरिदम. पाया अर्धा घेतला तर गुणक −०.६९३१ : घटही शिल्लक असेल त्याच प्रमाणात. दहासाठी गुणक २.३०२६ यायला हवा. प ०.००१ घेऊन कॅल्क्युलेटरवर काढून पाहा, २.३०५२ दिसेल. मग प आणखी लहान करा.