सक्तीच्या विषयातलं ऑनर्स

फरीदाबादला मथुरा रोडवर एक अभियांत्रिकी विद्यापीठ आहे. वायएमसीए, हरियाणा सरकार आणि जर्मन मदत यांच्या जोरावर १९६९ मध्ये निघालेली ही संस्था २००९ मध्ये विद्यापीठ झाली आणि २०१८ मध्ये तिला जगदीशचंद्र बोस यांचं नाव मिळालं. नाव ठेवणाऱ्यांनी फारसा विचार केला असेल असं नाही, पण नाव नेमकं पडलंय. बोस केंब्रिजला ऑनर्ससाठीच गेले होते. तिथली 'नॅचरल सायन्सेस ट्रायपॉस' ही ऑनर्सची परीक्षा म्हणजे एका विषयाची चौकट नव्हती. लॉर्ड रॅले यांच्याकडे ते भौतिकशास्त्र शिकले, तर सिडनी व्हाइन्स आणि फ्रान्सिस डार्विन यांच्याकडे वनस्पतिशास्त्र. पुढे रेडिओलहरींवर काम केलेल्या याच माणसाने रोपाची वाढ मोजणारा क्रेस्कोग्राफ बनवला. मध्येच, १८९६ मध्ये, केसांच्या तेलाने वादळ शमल्याची बंगाली विज्ञानकथा लिहून तेलाच्याच एका कंपनीचं बक्षीसही मिळवलं! आज आपल्याकडे त्यांनी ऑनर्स भौतिकशास्त्रात केलं असतं आणि वनस्पतिशास्त्र 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणून उरकलं असतं.

उरकणं हेच आपल्याकडे सामान्य शिक्षणाचं प्राक्तन आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा २०१८ चा नमुना अभ्यासक्रम पाहा. बी.टेक.साठी १६० क्रेडिट. ऑनर्स हवं असेल तर वर आणखी साधारण २०, तेही ऑनलाइन मिळवलेले चालतात. भारतीय संविधान आणि पर्यावरणशास्त्र हे विषय सक्तीचे आहेत. त्यांचे क्रेडिट शून्य. सक्ती आणि शून्य यांची अशी सांगड घातली की पोरांनी काय समजायचं ते ती बरोबर समजतात. वर्गात हजेरीपुरतं बसायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडायचं.

पर्यावरणाचा विषय अभ्यासक्रमात आला कसा, तेही बघण्यासारखं आहे. १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो सक्तीने शिकवण्याचे निर्देश दिले. याच मेहतांच्या दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने १९९६ मध्ये फरीदाबादच्या बडखल आणि सूरजकुंड परिसरातल्या खाणकामावर निर्बंध घातले. २००९ मध्ये जिल्ह्यातल्या अरवलीतलं खाणकामच थांबवलं. एवढं होऊनही बडखल तलाव कित्येक वर्षं कोरडा पडून राहिला. म्हणजे ज्याच्या खटपटीने हा पेपर आला, त्याची लढाई त्याच शहरात झाली, आणि त्या शहरातला विद्यार्थी लिहितोय काय, तर 'परिसंस्थेचे घटक सांगा, पाच गुण'.

याच पेपरची एक ऑनर्स तुकडी कल्पून पाहा. वीस मुलं. १९९६ चा निकाल मुळातून वाचायचा. स्थापत्यवाल्याने पाणलोटाचा नकाशा काढायचा, संगणकवालीने उपग्रहचित्रांवरून तीस वर्षांत तलावाचं पाणी कसं मागे सरकलं ते दाखवायचं, आणि दोघांनी मिळून आठ पानं लिहायची: तलाव आटला तो खाणींमुळे, भूजल उपसल्यामुळे, की येणारे ओहोळच अडल्यामुळे? उत्तर गाईडमध्ये नाही. विषय तोच, क्रेडिटही तेवढेच ठेवा. काम मात्र दुप्पट.

परदेशात हा प्रयोग शंभर वर्षं जुना आहे. कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन यांनी १९२० मध्ये 'जनरल ऑनर्स' सुरू केलं. आठवड्याला एक अभिजात ग्रंथ, संध्याकाळी दोन तास चर्चा, वर्गात दोन शिक्षक. सहकारी कुरकुरले की आठवड्यात होमर वाचणं म्हणजे वरवरचं काम. पण निवडक मुलांसाठी काढलेल्या त्या वर्गातूनच १९३७ मध्ये पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला सक्तीचा असलेला अभ्यासक्रम उभा राहिला. ऑनर्स म्हणजे मूठभरांचं संस्थान असा आक्षेप घेणाऱ्यांनी हा प्रवास जरूर पाहावा.

अर्थात आक्षेप पोकळ नाही. चांगला शिक्षक ऑनर्सच्या वीस मुलांकडे गेला की उरलेल्या दीडशेंना कोण शिकवणार? पण सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याचा प्रयोगही आपण केलेला आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांच्या पदवीत अकरा पायाभूत अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे केले. गणिताच्या पायाभूत वर्गात गणिताचा ऑनर्सवाला आणि दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली मुलगी शेजारी बसली. एकाला तो वर्ग शाळकरी, दुसरीला जाच. जून २०१४ मध्ये अख्खी योजनाच गुंडाळली गेली. कारणं अनेक, त्यात राजकारणही आलंच.

सामान्य विषयाला कमी लेखणं तसं जुनंच. पुणे विद्यापीठाच्या जुन्या बी.ए.त जनरल आणि स्पेशल पेपर एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येत. स्पेशलचं पुस्तक लोक विकत घेत, जनरलचं मागून आणत. आता महाराष्ट्रातही चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे, आणि पदवीच्या पहिल्या वर्षांत आपल्या शाखेबाहेरचा विषय घेणं बंधनकारक आहे. कागदावर ही सोन्यासारखी संधी. महाविद्यालयांत मात्र हा विषय ज्याचा वर्कलोड भरत नाही त्याच्या गळ्यात पडतो, नाहीतर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या.

सक्तीच्या विषयाची अशी ऑनर्स तुकडी निघालीच, तर तिला गुणांची अट नको. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. संशोधनाला ते चालेल. संविधानाच्या किंवा पर्यावरणाच्या जड वर्गात मात्र ज्याला बसायचंय त्याला बसू द्यावं. पहिल्या पंधरवड्यात कामाचा बोजाच गाळणी लावतो. एटीकेटी लागलेला एखादा मुलगा तिथे टिकला, तर प्राध्यापकांनीही त्याच्याकडे नव्याने पाहावं.

अडतं ते नोकरीच्या हिशेबात. वीस मुलांच्या जोड्यांची आठ-आठ पानं वाचायला लागणारा वेळ कुठल्याच वर्कलोडमध्ये धरला जात नाही. व्याख्यानाचा तास तेवढा धरतात. तो वेळ धरा म्हटलं की आधी प्राचार्य सहसंचालक कार्यालयाकडे बोट दाखवतात, आणि कार्यालय शासन निर्णयाकडे.