शोभणे आणि मिरवणे

मराठी भाषेत ‘शोभणे’ हे मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. नव्या साडीचा काठ पाहून ‘हा रंग तुला शोभतो’ असे आपण म्हणतो. आणि घरातील मुलाने वडीलधाऱ्यांस उलट उत्तर दिले, तर ‘हे तुला शोभत नाही’ असेही म्हणतो. एकच शब्द अंगावरील वस्त्राला लागतो आणि माणसाच्या वर्तनालाही लागतो. त्याच्या शेजारी ‘मिरवणे’ हा दुसरा शब्द ठेवून पाहावा. शोभण्यासाठी प्रेक्षक लागत नाहीत. मिरवण्यासाठी ते लागतातच. ‘नटणे’ हा शब्द तर सरळ नटाशी नाते सांगतो. वेशभूषेसंबंधी आपल्या पूर्वजांनी जो विवेक केला, तो या तीन शब्दांत साठविलेला आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो असा : महिन्याचा खर्च काटकसरीने भागविणाऱ्या सामान्य गृहिणीने सुंदर दिसण्याची इच्छा धरावी काय? आणि धरल्यास तिची मर्यादा कोणती? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु घरातील पैसा, शेजारणीचे मन, मुलींची स्वतःविषयीची समजूत, इतकेच नव्हे तर कित्येक स्त्रियांचा समाजातील वावरच या प्रश्नाशी बांधलेला आहे. म्हणून तो गंभीरपणे घेणे अवश्य आहे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. कित्येक सज्जन म्हणतात की, अंतःकरण शुद्ध असले म्हणजे पुरे. बाह्य शृंगार हा मोह होय. या म्हणण्यात तथ्यांश आहे. पण तेच पूर्ण सत्य असते, तर आपण देवाच्या मूर्तीला स्नान घालून वस्त्र का नेसविले असते? षोडशोपचारांत वस्त्र आहे, गंध आहे, पुष्प आहे. देवाला त्यांची गरज नाही हे पूजा करणाऱ्यास ठाऊक असते. तरीही तो काठ नीट बसवितो, फूल ताजे आहे की नाही ते पाहतो. आदर हा नीटनेटकेपणातून प्रकट होतो, हेच त्यातील मर्म. जी दृष्टी आपण मूर्तीकडे वळवितो, ती पहाटेपासून राबणाऱ्या माउलीने स्वतःच्या देहाकडे क्षणभर वळविली, तर तिला मोह म्हणणे न्यायाचे नाही.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. साधेपणाचा उपदेश आपल्याकडे बहुधा स्त्रियांनाच केला जातो. पतिराजांचे मनगटी घड्याळ, मोटारसायकल, दर दोन वर्षांनी बदलणारा मोबाईल यांची गणना ‘गरज’ या सदरात होते. आणि पत्नीच्या दोन साड्या मात्र ‘हौस’ या सदरात जातात. जो नियम घरातील सर्वांना लागू नाही, तो नियम नीतीचा नसून सोयीचा असतो.

आता उत्तरपक्ष. शोभा ही किमतीने येत नाही; ती चार गोष्टी जुळल्याने येते : देह, वय, काम आणि प्रसंग. ठेंगण्या बांध्याला फार रुंद काठ उंची खाऊन टाकतो. तेथे बारीक काठ व अंगचाच रंग खुलून दिसतो. उंच व भरल्या देहाला रुंद काठ भारदस्तपणा देतो. चेहऱ्याजवळ येणारा रंग, म्हणजे पदराचा आणि चोळीचा, हाच खरा महत्त्वाचा. निऱ्यांकडे पाहणाऱ्याचे लक्ष नंतर जाते. सावळ्या कांतीला हळदी पिवळा, डाळिंबी, गर्द हिरवा हे रंग अतिशय साजतात, आणि आपल्या जुन्या लुगड्यांचे रंग पाहिले तर आजीपणजींना हे कोणी न शिकविता समजत होते असे दिसते. सामान्य साडीवरही चोळी मापात शिवलेली असेल, तर सारा वेष उठून दिसतो. भारी साडीवर ती ढगळ असेल, तर सारा खर्च वाया जातो. म्हणून चार पैसे अधिक द्यावयाचे असतील, तर ते चांगल्या शिंप्याला द्यावेत.

आपल्या बेळगाव परिसराचेच उदाहरण घ्यावे. इरकल साडी ही श्रीमंतांची साडी म्हणून कधी ओळखली गेली नाही. बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावी ती विणली जाते. अंगाचा उभा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे ठेवून त्यांचे धागे एकमेकांत अडकवून जोडण्याची तेथील पद्धत ही तिची खूण आहे. अंग सुताचे असल्यामुळे ती उन्हाळ्यात सोसते, धुण्यागणिक मऊ होते. आणि लाल पदरामुळे ती शेतावरही चालते व लग्नमांडवातही चालते. त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण म्हणजे हातभर कापडाने साध्या साडीचे सोने करण्याची युक्ती. कष्टकरी स्त्रीने शतकानुशतके ज्यात दिवस काढले, त्याच वस्त्रात अशी शोभा नांदत आली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

खर्चाचा हिशेबही जरा निराळ्या रीतीने मांडून पाहावा. बाराशे रुपयांची साडी शंभर वेळा नेसली, तर प्रत्येक नेसण्याचे बारा रुपये पडतात. सहा हजारांची साडी कपाटात राहून चारदाच अंगाला लागली, तर प्रत्येक वेळेचे पंधराशे पडले. ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ हे शब्द दुकानातील चिठ्ठीवर ठरत नाहीत, वापरावर ठरतात. पहिल्या धुण्यास साडी वेगळी, गार पाण्यात धुवावी, कडक उन्हात न टाकता सावलीत वाळवावी, सुती साडीला भाताच्या पेजेची खळ द्यावी. या जुन्या सवयींनी साडीचे आयुष्य वाढते. अर्थात, नोकरीवर धावणारी एखादी भगिनी इस्त्रीचा व्याप नको म्हणून कृत्रिम धाग्याची साडी वा पंजाबी पोशाख पसंत करील, तर तिला नावे ठेवू नयेत. एके काळी नऊवारी सोडून सहावारी नेसणाऱ्या स्त्रियांनाही नावे ठेवली गेली होती. आज तीच सहावारी परंपरा म्हणून सांगितली जाते. वेषाचे रूप काळानुसार पालटते. औचित्याचा प्रश्न मात्र प्रत्येक काळी नव्याने सोडवावा लागतो.

येथे एक सूक्ष्म शंका उद्भवते. खोटे दागिने घालणे हे असत्याचरण आहे काय? तांब्यापितळेवर सोन्याचा मुलामा दिलेले, ‘एक ग्रॅम’ म्हणून विकले जाणारे दागिने आज घरोघरी आहेत. आमच्या मते असत्य वस्तूत नसते, हेतूत असते. नथीचा आकार सुंदर आहे, कोल्हापुरी साजाची घडण डोळ्यांना सुखविते, म्हणून मुलाम्याचा दागिना घालणारी स्त्री कोणाला फसवीत नाही. ‘पाच तोळ्यांचा आहे’ असे सांगून जी तो मिरविते, तिची गोष्ट वेगळी. उलट खरे सोने कर्ज काढून घेतले, तर तो दागिना शंभर नंबरी असूनही ऐपतीविषयी खोटे बोलतो. ऋण काढून सण करण्याचाच तो प्रकार. सोने हे स्त्रीधन आहे, अडीअडचणीला घर वाचविणारी ती ठेव आहे, हे आम्ही विसरत नाही. जे घ्यावयाचे ते शुद्धतेची खूण पाहून घ्यावे. २०२१ पासून देशातील अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क अनिवार्य होत गेला आहे आणि २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. परंतु ठेव आणि देखावा या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचे नियम येऊन १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली होती. पुढे १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. इतक्या वर्षांच्या नियंत्रणाने सोन्याची ओढ काही ओसरली नाही. कायदा हातातील सोने मोजू शकतो, मनातील हाव मोजू शकत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

एक असत्य मात्र असे आहे की, ते स्त्री बोलत नाही, तिला विकले जाते. गोरेपणा म्हणजे सौंदर्य, हे ते असत्य. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातच गोरेपणाचे आश्वासन होते. २०२० मध्ये ते नाव बदलावे लागले. नाव बदलले, पण वधूपरीक्षेतील प्रश्न बदलला आहे काय, हे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे. त्वचेचा वर्ण मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो आणि तेच द्रव्य उन्हाच्या दाहापासून देहाचे रक्षण करते. ते खरवडून काढण्याच्या नादात पारा मिसळलेली किंवा वैद्याच्या सल्ल्यावाचून उग्र स्टिरॉईड असलेली मलमे लावली जातात. पाऱ्याने मूत्रपिंडांस इजा पोचते; स्टिरॉईडने त्वचा पातळ होते. कपाळाला चिकटविण्याच्या टिकल्यांतील काही गोंदांमुळेही कित्येक स्त्रियांच्या भाळी पांढरा डाग उमटतो. खाज सुटताच ती टिकली सोडावी, हेच शहाणपण. जी शोभा देहाला दंड करते, तिला शोभा कसे म्हणावे? सावळ्या विठ्ठलाला डोळे भरून पाहणाऱ्यांच्या घरात सावळ्या मुलीने खाली मान घालून बसावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

आतापर्यंतचा विचार एकट्या स्त्रीपुरता झाला. परंतु वेष हा समाजात वावरण्यासाठी असतो, आणि म्हणून माझ्या शृंगाराचा शेजारणीवर काय परिणाम होतो, हा प्रश्नही नीतीच्या कक्षेत येतो. नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग ठरवून त्या त्या रंगाची साडी नेसण्याचा प्रघात अगदी अलीकडचा असून वृत्तपत्रांनी तो वाढविला. त्यात गंमत आहे, एकोप्याचा आनंद आहे, हे मान्य. पण नऊ रंग म्हणजे नऊ साड्या. ज्या भगिनीकडे बऱ्यापैकी साड्या तीनच आहेत, ती चौथ्या दिवशी ‘अंगात कणकण आहे’ असा निरोप पाठविते आणि घरी राहते. तिचे न येणे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्या शोभेमुळे एक स्त्री देवदर्शनाला यावयाची थांबली, ती मंडळात कितीही देखणी दिसली तरी आपल्याला शोभते काय?

याहूनही खोलवर रुजलेली गोष्ट विधवा भगिनींची. त्यांच्या बाबतीत शृंगाराची मर्यादा विवेकाने ठरली नाही. रूढीने ती एका दिवसात, दुःखाच्या ऐन क्षणी, हात धरून लादली. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या कृत्यांत शोक कोठे आणि शिक्षा कोठे, हे सांगणे कठीण आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. मोठमोठ्या शहरांना जे सुचले नाही ते एका खेड्याला सुचले. ठरावाने मन एकदम पालटत नाही, हे खरे. पण पहिली बांगडी भरावयास जे धैर्य लागते, त्याला अशा ठरावाचा आधार मिळतो. आम्ही कोणाही भगिनीने अमुक ल्यावेच असा आग्रह धरीत नाही. जिला साधेपणा आवडतो तिने साधे राहावे. फक्त तो साधेपणा तिचा असावा, लोकांनी तिच्यावर टाकलेला नसावा.

एवढ्या विवेचनानंतर मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येते. सुंदर दिसण्याची इच्छा निर्दोष आहे, किंबहुना ती स्वतःचा व इतरांचा आदर करण्याची एक रीत आहे. तिची मर्यादा पैशाने ठरत नाही. तिच्यापायी देहाला इजा होऊ नये, घराला कर्ज होऊ नये आणि दुसरीला खाली पाहावे लागू नये, या तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिल्या दोन प्रत्येकीने घरी आरशासमोर लावून पाहाव्यात. तिसरी मात्र आपण सर्वांनी मिळून लावावयाची आहे.

म्हणून वाचक कुटुंबांना एक विनंती. येत्या नवरात्रात साडीचा रंग ठरवू नये. जिच्याकडे जे स्वच्छ व आवडते वस्त्र असेल ते नेसून तिने यावे. आणि चैत्रातील हळदीकुंकवाचे निमंत्रण देताना घरातील व शेजारच्या विधवा भगिनींना वगळू नये; करंडा त्यांच्यापुढेही तितक्याच सहजतेने धरावा. कुंकू लावून घ्यावयाचे की नाही, हे त्यांचे त्या ठरवितील.