पाटी कोणी लिहायची?

जालन्यात शेतीच्या इतिहासाचं चांगलं संग्रहालय असावं आणि त्याचा खर्च बियाणे कंपन्यांनी उचलावा, असं माझं मत आहे. पहिल्या अर्ध्या वाक्याला सगळे माना डोलावतात. पुढचं ऐकलं की कोणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे कंपनीची जाहिरात!’ शंका रास्त आहे, पण म्हणून पैसा नाकारावा असं मला वाटत नाही.

सामग्रीची इथे ददात नाही. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीचं इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी साम्य दिसलं आणि तिचा बोलबाला झाला. त्याच मातीत जळकं धान्यही मिळालं. मुकुंद काजळे यांनी त्याचा अभ्यास केला. दोन हजार वर्षांपूर्वी इथे काय पिकत होतं याचा पुरावा त्या दाण्यांत आहे. मूर्ती माहीत असलेले पुष्कळ भेटतात, दाणे माहीत असलेला क्वचित. जिल्ह्यातल्याच बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेले तुरीचे वाण शेतकरी ‘बीडीएन’ म्हणून पेरतात. तेही संग्रहालयात हवं.

आणि अर्थातच बद्रीनारायण बारवाले. दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेल्या ‘पुसा सावनी’ भेंडीचं बियाणं त्यांनी वाढवलं, विकलं, आणि १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. मराठवाड्यातल्या माणसाने मिळवलेलं हे यश मोठंच आहे. पण भेंडी काढली सरकारी संस्थेने. संग्रहालयातली पाटी कंपनीने लिहिली तर संस्थापकाचं धाडस ठळक अक्षरांत येईल आणि पुसाचं नाव बारीक टायपात, तेही आलं तर.

त्याहून बारीक टायपात जाईल ते क्रॉसिंग. संकरित कापसाच्या सीड प्लॉटवर दुपारनंतर बायका उद्या उमलणारी कळी हेरतात. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, मधला स्त्रीकेसर तेवढा शाबूत ठेवायचा आणि कळीवर खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचं फूल आणून त्यावर घासायचं. नख जरा खोल गेलं की कळी गळालीच. आपल्याकडचं संकरित कापसाचं बियाणं अशा हातांवर उभं आहे. आंध्रातल्या अशा प्लॉटांवर लहान मुली राबत, हे पुढे जगभर गाजलं. अवजारांचंही तेच. पेरणीची तिफण भिंतीला टांगून खाली ‘पारंपरिक अवजार’ लिहिलं की संग्रहालय झालं, असं आपण समजतो. चाड्यावर मूठ धरणारीच्या बोटांतून किती दाणे सुटतात यावर एकरी बियाणं ठरायचं, ते टांगलेल्या तिफणीत कुठून दिसणार?

आता पैशाचं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत वारसा जतन करणं आहे. स्वतःच्या नेहमीच्या धंद्याचं काम मात्र त्यात धरता येत नाही. म्हणजे आपल्याच वाणांची दालनं मांडायची असतील तर तो खर्च जाहिरात खात्यात टाकावा. कायद्याने ही सोय करून ठेवली आहे.

जळगावला जैन इरिगेशनच्या परिसरात २०१२ मध्ये गांधीतीर्थ उभं राहिलं. कंपनीच्या आधाराने चांगलं संग्रहालय होतं, हे तिथे दिसतं. पण गांधीजींना ठिबकच्या नळ्यांबद्दल काही सांगायचं नव्हतं. तिथे देणगीदार आणि विषय यांच्यात अंतर आहे. जालन्यात देणगीदारालाच काचेच्या कपाटात बसायचं आहे. अमेरिकेत मोलीनला जॉन डिअरचं पॅव्हेलियन आहे. कंपनीचे ट्रॅक्टर कंपनीच्याच इमारतीत, त्यामुळे कोणाची फसगत होत नाही. आपण मात्र त्याला इतिहास म्हणणार असू, तर अट वेगळी हवी.

ती अट काही पाट्यांवर पारखता येईल. २००२ : जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी, आणि सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या. २०१० : बीटी वांग्याला स्थगिती. २०१२ : महिकोचा बीटी कापूस विक्रीचा परवाना राज्य सरकारने रद्द केला. २०१७ : गुलाबी बोंडअळीने राज्यातला कापूस खाल्ला. या पाट्या परभणीच्या कृषी विद्यापीठातले, इतिहासाचे आणि प्लॉटवर राबणारे लोक मिळून लिहितील, पैसा विश्वस्तांच्या कायम निधीत जाईल आणि देणाऱ्याला मजकुरावर नकाराधिकार नसेल, असं करारात आधीच लिहून घ्यावं. जी कंपनी त्यावर सही करील तिचं नाव दारावर मोठ्या अक्षरांत कोरायला माझी अजिबात हरकत नाही.

खरं तर पैशापेक्षा मला कंपन्यांची जुनी दप्तरं हवीत. वाणांची पत्रकं, जाहिराती, पाकिटं, बीजोत्पादक शेतकऱ्यांशी केलेले करारनामे. आणि त्यासोबत एक साधा तक्ता : कोणत्या वर्षी शेतकऱ्याला बियाण्याचा किलोला काय भाव दिला, प्लॉटवरच्या बाईची रोजची मजुरी काय होती आणि त्याच हंगामात पाकीट दुकानात कितीला विकलं.