पुढे असणे म्हणजे काय?

सभेत, पंक्तीत, घरच्या निर्णयात आपण पुढे असलो म्हणजे श्रेष्ठ ठरलो, अशी मनुष्याची समजूत असते. या पुढेपणाचे खरे स्वरूप संगणकाच्या व्यवस्थेत मोठे स्पष्ट दिसते.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' या कार्यप्रणालीचा आरंभ झाला. तीत एकाच वेळी अनेक कामे चालतात. चालू कामास 'प्रोसेस' म्हणतात आणि 'शेल' नावाचा कारभारी आपली आज्ञा घेऊन त्यांस चालना देतो. एका टर्मिनलापुढे एका वेळी एकच कार्यसमूह पुरोभागी, म्हणजे 'फोरग्राउंड'मध्ये, असतो. कळफलकावर उमटणारे अक्षर त्यालाच मिळते. मागचे काम ते अक्षर वाचू पाहील, तर त्यास सामान्यतः तेथेच थांबविले जाते.

येथे कोणी म्हणेल, मग पुढचाच श्रेष्ठ नव्हे काय? नव्हे. 'कंट्रोल' व 'सी' या कळा एकत्र दाबल्या असता काम खंडित करण्याचा जो संकेत निघतो, तोही पुरोभागीच्या समूहासच पोहोचतो. मागची कामे निर्वेध चालू राहतात. ज्याला ऐकण्याचा अधिकार, त्यालाच आघात, असा हा न्याय आहे. शिवाय युनिक्समध्ये केवळ पुढे असल्यामुळे गणनेचा अधिक वेळ मिळतो असेही नाही. आणि ते स्थान कायमचे नसते: शेल ते देतो व परत घेतो. १९८० च्या बर्कली आवृत्तीत तर चालते काम मध्येच थांबवून मागे नेण्याची व पुन्हा पुढे आणण्याची सोय झाली.

तात्पर्य, पुढेपण हे श्रेष्ठत्व नसून उत्तरदायित्व आहे. घरात ज्याच्या शब्दाने व्यवहार चालतो, त्याने ऐकून घेण्याचा मान स्वीकारावा आणि दोषाचा आघात मात्र मागच्यांवर ढकलावा, हे न्याय्य नव्हे. पहाटे उठून चूल पेटविणारी, रुग्णाच्या उशाशी जागणारी माणसे कोणाच्या दृष्टीसमोर नसतात. म्हणून त्यांचे काम थांबलेले नसते, आणि हलकेही नसते. उद्या मुलगा वा सून कर्ती झाली, तर वडीलधाऱ्यांनी ते स्थान संतोषाने सोडावे. जे मुळात सोपविलेले होते, ते परत देण्यात मानहानी कसली?